मेळघाटचे यजमान

महाराष्ट्राचा नकाशा समोर पसरावा आणि त्याच्या उत्तर सीमेवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवीत जावे. सातपुड्याच्या रांगा आपल्याला पुष्कळ अंतर सोबत करतात. या रांगा विदर्भात शिरल्या, की अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात त्या एकमेकींत अशा काही गुंतून जातात, की एक डोंगर कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे नकाशावरून उमगत नाही. हाच मेळघाट. जेथे घाटांचा मेळ झाला आहे तो मेळघाट, असा या नावाचा अर्थ सांगतात. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे या प्रदेशाचा मुख्य भाग होय.

महाबळेश्वर आणि माथेरान ही नावे लहान मुलांनाही ठाऊक असतात. मोठ्या शहरांच्या जवळ असल्यामुळे तेथे प्रवाशांची रीघ लागलेली असते. मेळघाट मात्र आडबाजूला राहिला. त्याचे सौंदर्य कमी म्हणून नव्हे, तर वाट लांबची म्हणून! अलीकडे रस्ते सुधारले आणि प्रवाशांची पावले तिकडे वळू लागली. पाहुणा आला, की यजमानाला आनंद होतो. परंतु यजमानाच्या घरात किती पाणी आहे, किती धान्य आहे, याची जाण सुज्ञ पाहुणा ठेवीत असतो. म्हणून मेळघाटची शोभा पाहता पाहता या डोंगरातल्या यजमानांचीही ओळख आपण करून घेऊ.

अमरावतीहून उत्तरेकडे निघाले, की सुमारे ५० किलोमीटरांवर परतवाडा लागते. येथपर्यंतचा प्रदेश सपाट आहे. दोन्ही बाजूंना कापसाची, तुरीची आणि संत्र्यांची शेते दिसतात. परतवाडा मागे पडले, की समोर निळसर डोंगरांची भिंत उभी राहते आणि गाडी घाट चढू लागते. एक वळण, दुसरे वळण, तिसरे वळण! प्रत्येक वळणावर मैदान अधिकाधिक खाली जाते आणि वारा अधिकाधिक गार होत जातो. अखेर समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे गाव येते.

वर हवा थंड का लागते? आपण तर सूर्याच्या अधिक जवळ गेलेले असतो! याचे कारण असे, की हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीकडून तापते, आणि उंचावर ती विरळ असल्यामुळे उष्णता धरून ठेवू शकत नाही. साधारणपणे दर हजार मीटर उंचीला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. वैशाखात अमरावतीच्या मैदानात पारा ४२ अंशांवर गेला असता चिखलदऱ्यात तो पाच-सहा अंश खाली असतो. उन्हाने होरपळलेल्या वऱ्हाडातील माणसाला हा फरक अमृतासारखा वाटतो. १८२३ साली रॉबिन्सन नावाच्या एका इंग्रज कप्तानाचे लक्ष या जागेकडे गेले आणि पुढे इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात येथे येऊन राहू लागले. त्यांच्याच काळात येथे कॉफीची लागवड झाली. महाराष्ट्रात कॉफी पिकते अशी ठिकाणे मोजकीच आहेत. चिखलदरा हे त्यांपैकी एक.

या गावाच्या नावाविषयी एक कथा लोक सांगतात. पांडव अज्ञातवासात विराट राजाच्या घरी राहिले असता राजाचा मेहुणा कीचक याने द्रौपदीला त्रास दिला. तेव्हा भीमाने त्याला ठार मारले आणि येथल्या दरीत फेकून दिले. त्या दरीचे नाव कीचकदरा पडले आणि त्याचेच पुढे चिखलदरा झाले. जेथे भीमाने हात धुतले ते भीमकुंड, आणि जवळचे वैराट म्हणजे विराटाची नगरी, असेही सांगतात. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. तथापि ज्या भूमीवर माणसांचे प्रेम असते, तेथल्या दऱ्याखोऱ्यांना ती अशा कथांनी सजवितात, एवढे मात्र खरे. वैराट हे या डोंगरातील सर्वांत उंच ठिकाण असून त्याची उंची १,१७८ मीटर आहे.

चिखलदऱ्याच्या पठाराचे कडे एकाएकी तुटलेले आहेत. त्या कड्यांवर उभे राहून समोरच्या दऱ्या पाहण्यात मोठा आनंद असतो. पंचबोल नावाच्या जागी मोठ्याने हाक मारली, की समोरच्या कड्यांवरून ती पुन्हा पुन्हा परत येते. म्हणून तिला पंचबोल म्हणतात. पावसाळ्यात तर सारा डोंगर धुक्यात बुडून जातो. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मग अकस्मात वाऱ्याची एक झुळूक येते, धुक्याचा पडदा बाजूला होतो आणि भीमकुंडाच्या दरीत कोसळणारा शुभ्र प्रपात दिसू लागतो. क्षणभरातच तो पडदा पुन्हा ओढला जातो!

या डोंगराच्या पाण्याची गोष्टही मनोरंजक आहे. गाविलगडची डोंगररांग हा येथला पाणलोट होय. तिच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस सिपना, गडगा या नद्यांतून तापीला जातो. दक्षिण उतारावर पडलेला पाऊस चंद्रभागा, शहानूर या नद्यांतून वऱ्हाडच्या पूर्णा नदीत उतरतो. दोन थेंब एकाच ढगातून एकाच शिखरावर पडावे, आणि एकाने उत्तरेची वाट धरावी, दुसऱ्याने दक्षिणेची! पण गंमत अशी, की पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे पूर्णाही तापीलाच मिळते. शिखरावर दुरावलेले ते दोन थेंब अशा रीतीने पुन्हा एकत्र येतात आणि सुरतेजवळ समुद्राला जाऊन मिळतात.

चिखलदऱ्याच्या नैर्ऋत्येला गाविलगडचा प्रचंड किल्ला आहे. येथे पूर्वीपासून गुरे पाळणाऱ्या गवळी लोकांची वस्ती होती. त्यांच्यावरून हे नाव पडले असे मानतात. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहा याने येथे भक्कम तटबंदी बांधली. पुढे हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ सालच्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी त्याला वेढा घातला. गडाच्या इतर बाजूंना खोल दऱ्या आहेत. केवळ उत्तरेकडे तो पठाराला जोडलेला आहे. इंग्रजांनी दुर्गम डोंगरांतून वाट काढीत आपल्या तोफा त्या बाजूला ओढून नेल्या आणि १५ डिसेंबर रोजी गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. आज गडाच्या भग्न तटांवर गवत डुलते आणि तळ्यांत आकाशाचे प्रतिबिंब पडते. भव्य दरवाजे आणि त्यांवर कोरलेली शिल्पे मात्र अद्याप गतवैभवाची साक्ष देतात.

गावाबाहेर पडून सेमाडोहच्या दिशेने निघाले, की खरे मेळघाटचे अरण्य भेटते. हे सागाचे वन आहे. सागाचे कोवळे पान हातावर चुरडले, तर तळवा लाल होतो. उन्हाळ्यात हे वन निष्पर्ण होते. त्या दिवसांत पहाटे मोहाच्या झाडाखाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा पडतो आणि सारे रान त्या वासाने भरून जाते. पहिला पाऊस पडला, की पंधरा दिवसांत तेच उघडे डोंगर पुन्हा हिरवेगार होतात.

या वनात वाघ आहे, बिबट्या आहे, अस्वल आहे. धिप्पाड रानगवे येथे कळपाने चरतात. सांबर, भेकर आणि डोक्यावर चार शिंगे मिरविणारा लहानसा चौशिंगा हेही येथे राहतात. भारतात व्याघ्रप्रकल्पाची योजना १९७३ साली सुरू झाली. तिच्यासाठी प्रथम जी नऊ अरण्ये निवडली, त्यांत मेळघाट होते. महाराष्ट्रातील हा पहिला व्याघ्रप्रकल्प असून त्याचा विस्तार २,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे.

परंतु येथल्या एका लहानशा पक्ष्याची कथा वाघाच्या कथेपेक्षाही विस्मयकारक आहे. रानपिंगळा नावाचे एक घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा कोणालाच मिळेना. तो कायमचा नाहीसा झाला, असे जगभरचे पक्षिशास्त्रज्ञ मानू लागले. आणि ११३ वर्षांनी, १९९७ साली, सातपुड्याच्याच पायथ्याशी शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला! मग इतर वनांतही त्याचा शोध सुरू झाला आणि तो मेळघाटातही आढळला. मेलेला समजलेला पाहुणा घरातच निघावा, तसे हे झाले. येथे दाट जंगल शिल्लक राहिले म्हणूनच हे घडू शकले.

आता या वनातील माणसांकडे वळू. मेळघाटात बहुसंख्य वस्ती कोरकू लोकांची आहे. त्यांच्या भाषेत ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘माणसे’ असा आहे. त्यांची भाषा मराठीहून किंवा हिंदीहून अगदी निराळ्या कुळातली आहे. तिची नातलग भाषा बोलणारे मुंडा आणि संथाळ लोक शेकडो किलोमीटर दूर, झारखंड-ओडिशाकडे राहतात. कोरकूंच्या गावात एका सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरे असतात. कुडाच्या भिंती शेणामातीने स्वच्छ सारवलेल्या असतात. होळी हा त्यांचा मोठा सण. त्या वेळी कामासाठी दूर गेलेली माणसेही गावी परततात, ढोल आणि बासरी यांच्या सुरांवर रात्र जागविली जाते.

कोरकू माणसाला रान वाचता येते. पक्ष्याच्या हाकेवरून जवळपास वाघ फिरत आहे, हे तो ओळखतो. कोणत्या झाडाच्या सालीचे औषध होते, कोणता कंद केव्हा खणावा, हे त्याला आजोबांकडून समजलेले असते. ही विद्या पुस्तकांत नाही.

असे सुंदर अरण्य आणि असे जाणते लोक असूनही मेळघाटात दारिद्र्य आहे, हे सत्य आपण झाकून ठेवता कामा नये. उताराची पातळ जमीन, पावसावर अवलंबून असलेली शेती आणि दूरदूरची वस्ती यांमुळे येथल्या माणसाला पोटासाठी वर्षातले पुष्कळ दिवस डोंगराखाली मजुरीला जावे लागते. १९९० नंतरच्या दशकात पुरेसे पोषण न मिळाल्यामुळे दगावणाऱ्या बालकांच्या वार्तांनी मेळघाटचे नाव देशभर झाले. तेव्हापासून अनेक डॉक्टर, सेवाभावी माणसे आणि शासन या कामी झटत आले आहेत. तरी ते काम अजून संपलेले नाही. वाघांना निवांत वन मिळावे म्हणून काही गावांनी आपली जुनी वस्ती सोडून दुसरीकडे घरे बांधली. वाघ वाचला याचा आनंद साऱ्या देशाला झाला; परंतु पिढ्यानपिढ्यांचे अंगण सोडण्याचे दुःख त्या गावांनी सोसले.

म्हणूनच प्रवाशांच्या आगमनाकडे आपण केवळ मौज म्हणून पाहू नये. त्यातून या डोंगरात रोजगार निर्माण होऊ शकतो. पण तो आपोआप होत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, एक कुटुंब सकाळी मोटारीने चिखलदऱ्याला आले. जेवण त्यांनी शहरातूनच बांधून आणले होते. त्यांनी चार कडे पाहिले, छायाचित्रे काढली आणि संध्याकाळी ते परत गेले. त्यांनी डोंगरावर काय ठेवले? खाऊची रिकामी वेष्टने आणि मोटारीचा धूर! दुसरे कुटुंब दोन रात्री राहिले. त्यांनी गावातल्या एका तरुणाला वाटाड्या म्हणून बरोबर घेतले, गावातच भाकरी खाल्ली आणि निघताना मध व खवा विकत घेतला. दोन्ही कुटुंबांनी डोंगर पाहिला. परंतु दुसऱ्या कुटुंबाच्या पैशाने कोणाची तरी चूल पेटली. प्रवासी किती आले, हे मोजणे सोपे आहे. त्यांचा रुपया कोणाच्या हाती पोहोचला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

असे हात मेळघाटात तयारही होत आहेत. येथले गवळी म्हशी पाळतात. त्यांच्या दुधाचा खवा आणि रबडी प्रसिद्ध आहे. मोथ्यासारख्या गावांत थंड हवेचा लाभ घेऊन शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवू लागले आहेत. आमझरी हे गाव मधासाठी ओळखले जाऊ लागले आहे. व्याघ्रप्रकल्पात येणाऱ्या प्रवाशांना वन दाखविण्याचे काम आसपासच्या गावांतील तरुण करतात. जी विद्या आजोबांकडून मिळाली, तिच्यावर नातवाला सन्मानाने भाकर मिळू लागली, याहून चांगले काय असू शकते?

पायविहीर या पायथ्याच्या गावाचे उदाहरण तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. आसपासचा डोंगर पूर्वी उजाड झाला होता. २०१२ साली कायद्याने त्या गावाला भोवतालच्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी झाडे लावली, ती राखली, आणि डोंगरावरची सीताफळे एकत्रितपणे बाजारात पाठवून आपले उत्पन्न वाढविले. २०१४ साली जैवविविधतेच्या रक्षणासाठी या गावाचा गौरव झाला. ज्याचे वन त्याच्या हाती असले, तर तो ते तोडीत नाही, वाढवितो, हा धडा पायविहीरने घालून दिला.

मात्र डोंगराला किती पाहुणे पेलवतात, याला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा पाण्याने घातलेली आहे. अमरावतीच्या मैदानापेक्षा जवळजवळ दुप्पट पाऊस चिखलदऱ्यात पडतो. तरीही उन्हाळ्यात तेथे पाण्याची टंचाई भासते. हे कोडे असे सुटते : येथला खडक कठीण काळा पाषाण आहे. त्यात पाणी फारसे मुरत नाही. उतारही तीव्र असल्यामुळे पाऊस पडतो आणि दऱ्यांतून धावत खाली निघून जातो. तळ्यांत साठेल आणि झाडांच्या मुळांशी मुरेल, तेवढेच मागे राहते. आता एक साधा हिशेब करा. एका पाहुण्याला दिवसाला २० लिटरांच्या पाच बादल्या पाणी लागले, तर शंभर पाहुण्यांना एका दिवसात १०,००० लिटर पाणी लागेल. मे महिन्यात, डोक्यावर हंडा घेऊन झऱ्याची वाट चालणाऱ्या बाईच्या गावात, हे पाणी कोठून आणावयाचे?

म्हणून नवी निवासस्थाने बांधताना छपरावरचा पाऊस साठविणे, जुनी तळी गाळ काढून खोल करणे आणि उतारांवरची झाडे राखणे ही कामे आधी झाली पाहिजेत. दुसरी गोष्ट गर्दीची. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी चिखलदऱ्याच्या अरुंद घाटात मोटारींच्या रांगा लागतात आणि इतर दिवशी रस्ते ओस असतात. हीच माणसे वर्षभरात विभागून आली, तर डोंगरावरचा भार हलका होईल आणि गावकऱ्यांनाही बारमाही काम मिळेल. हिवाळ्यात गाविलगड पाहावा, पक्षी पाहावेत, कोरकूंची गावे पाहावीत. पावसाळ्यात धुके आणि प्रपात पाहावेत. प्रत्येक ऋतूत मेळघाटजवळ दाखविण्यासारखे काहीतरी असतेच.

एखादे दिवशी तुम्हीही या डोंगरात जाल. तेव्हा पंचबोलच्या कड्यावर अवश्य हाक मारा. पण वनात शिरल्यावर मात्र आवाज खाली आणा, कारण ते इतरांचे घर आहे. कागद आणि पिशव्या परत आणा. भुकेले सांबर त्या गिळते आणि मरते. तुमच्याबरोबर चालणारा कोरकू वाटाड्या थांबला, तर तुम्हीही थांबा. तो बोटाने ओल्या मातीवरचा एक ठसा दाखवील. तुम्हाला तेथे केवळ चिखल दिसेल; त्याला वाघ केव्हा गेला, कोणीकडे गेला, हे दिसत असेल. त्याच्याकडून तेवढे शिकून घ्या आणि निघताना त्याचा निरोप घ्यायला विसरू नका.

डोंगर कोणालाही बोलावीत नाही आणि कोणाला घालवूनही देत नाही. आलेल्याचे स्वागत करतात ती तेथली माणसे. ती सुखी असतील, तरच डोंगराची शोभा टिकेल. आणि ती शोभा टिकली, तरच पाहुणे पुन्हा येतील.